परीक्षेला बसलेले त्रेसष्ट रेडिओ

२०१७ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या मोनिरेह दबागचियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याचं शीर्षक एका प्रश्नाने सुरू होतं: 'हू इज स्मार्टर?' जास्त हुशार कोण? अभियांत्रिकीच्या निबंधांची नावं सहसा लांबलचक आणि कोरडी असतात. इथेही प्रश्नचिन्हाच्या पुढे तसंच एक उपशीर्षक येतं आणि मग कळतं, की ही विचारणा रेडिओंविषयी आहे. अनुभवातून शिकणाऱ्या रेडिओंची बुद्धिमत्ता कशी मोजायची, हा निबंधाचा विषय. त्रेसष्ट वेगवेगळ्या प्रकारचे रेडिओ, त्यांच्यापुढे ठेवलेल्या वेगवेगळ्या परिस्थिती, प्रत्येक परिस्थितीतली त्यांची कामगिरी आणि आकड्यांच्या त्या ढिगातून शेवटी वर आलेले बुद्धीचे पाच घटक. निबंधाची गोष्ट एवढीच. तरी ती माझ्या मनात फार दिवस राहिली आहे, कारण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि निबंधकारांनी ती ओझरतीच सांगितली आहे.

रेडिओ म्हटलं, की आमच्या समता कॉलोनीतल्या जुन्या मंडळींना १९६३ मध्ये सुरू झालेलं आकाशवाणीचं रायपूर केंद्र आठवतं. तो रेडिओ आज्ञाधारक होता. काटा जिथे नेऊन ठेवाल तिथलं तो ऐकवायचा. तिथे खरखर असेल तर खरखर. निबंधातले रेडिओ त्या जातीचे नाहीत. कोणती वारंवारिता कोणाची, हे सरकार ठरवून देतं आणि परवाना मिळालेला तिचा हक्कदार होतो. पण हक्कदार चोवीस तास बोलत नसतो. रायपूरला मुंबई मेलमध्ये आरक्षणाशिवाय चढलेला प्रवासी रिकामा बर्थ पाहून टेकतो आणि बर्थवाला दुर्गला आला, की मुकाट्याने उठतो. शहाण्या रेडिओकडून हीच अपेक्षा असते. रिकामी जागा ओळखायची, तेवढ्यापुरती वापरायची आणि हक्कदाराची चाहूल लागताच बाजूला व्हायचं. यातल्या प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते आणि ती चूक टाळण्याची कुवत प्रत्येक रेडिओची निराळी असते.

ही कुवत म्हणजे काय, ते समता कॉलोनीत कुठल्याही संध्याकाळी समजू शकतं. जुने बंगले जाऊन इमारती उभ्या राहिल्या, मजल्यामजल्यावर विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या आल्या आणि प्रत्येक खोलीत वायफाय आला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न सांडणारे चॅनेल तीनच: एक, सहा आणि अकरा. त्या तिघांत अख्ख्या गल्लीने मावायचं. लग्नसराईत लॉनवरचे बिनतारी माइक सुरू होतात, गच्चीगच्चीवर मोबाइलचे मनोरे आहेतच. शेजारच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात मराठी नाटक लागलं, की कलाकारांच्या कॉलरलाही माइक टोचलेले असतात. अशा ठिकाणी नव्या रेडिओने पहिल्यांदा डोळे उघडले, तर त्याला बोलावं कुठे आणि गप्प बसावं कुठे हे कसं कळणार? नियम पाठ करून पुरणार नाही, कारण संध्याकाळी सातचं आणि पहाटे चारचं आकाश वेगळं असतं. त्याला ऐकावं लागेल, आठवणीत ठेवावं लागेल, अंदाज बांधावा लागेल आणि चुकल्यावर तो अंदाज बदलावा लागेल. एखाद्या मुलात हे सगळं दिसलं, तर आपण त्याला बेलाशक हुशार म्हणू.

रेडिओला अशी बुद्धी असावी, ही कल्पना जोसेफ मिटोला यांची. गेराल्ड मॅग्वायर यांच्यासह त्यांनी १९९९ मध्ये लिहिलेला लेख या शाखेचा मूळ ग्रंथ मानला जातो. त्याच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. तो वाचला, की दबागचियान यांच्या निबंधाची मुळं दिसतात. मोबाइल फोनपर्यंत येणारा संदेश इमारतींवर आपटून अनेक वाटांनी, किंचित मागेपुढे पोचतो. फोनमधला इक्वलायझर नावाचा भाग हे प्रतिध्वनी हिशोबात घेऊन मूळ संदेश सावरतो. म्हणजे किती वाटांनी लहरी येत आहेत, याचं उत्तर फोनच्या आत तयार असतं. आता मिटोला कल्पना करतात, की नेटवर्कने फोनला हेच विचारलं: तुला किती वाटा दिसतात? प्रश्न विचारायला नेटवर्ककडे भाषा नाही आणि उत्तर द्यायला फोनकडे स्वतःचं वर्णन नाही. जिथे प्रतिध्वनी जवळपास नाहीतच, अशा उघड्या माळावरही फोन इमानाने ते जड गणित करत राहतो आणि बॅटरी संपवतो. त्याच्यापाशी ज्ञान आहे. पण ते आपल्यापाशी आहे, हे त्याला ठाऊक नाही.

अभियांत्रिकीच्या लेखात इतकं मानसशास्त्र क्वचित सापडतं. मुलाला उत्तर येत असतं, पण प्रश्न त्याच्या भाषेत विचारला जात नाही, म्हणून ते गप्प राहतं आणि मास्तर त्याला मठ्ठ ठरवतात. हे ज्याने पाहिलं असेल, त्याला मिटोलांचा फोन ओळखीचा वाटेल. मिटोलांनी उपाय म्हणून रेडिओसाठी एक ज्ञानभाषा सुचवली. निरीक्षण, अर्थ लावणं, योजना, निर्णय, कृती आणि शिकणं असं एक चक्रही रेखाटलं. २००५ मध्ये सायमन हेकिन यांच्या लेखाने रेडिओच्या मेंदूची उपमा शीर्षकातच आणली. त्यानंतर रेडिओ शहाणा आहे असं सांगणारे निबंध भराभर निघाले. मात्र शहाणा म्हणजे किती, आणि शेजारच्या रेडिओपेक्षा जास्त की कमी, हे विचारणारे थोडेच होते. २०१२ मध्ये डीट्रिक, वुल्फ आणि व्हॅनहॉय यांनी मानसमापनाच्या पद्धती रेडिओच्या चाचणीला लागू पडतील का, हे तपासलं. पाच वर्षांनी दबागचियान यांचा निबंध आला आणि त्याने थेट त्रेसष्ट विद्यार्थ्यांचा वर्ग भरवला.

या निबंधाची खरी पूर्वपीठिका मात्र माणसाच्या बुद्धीच्या मोजणीत आहे, आणि त्या मोजणीचा एक महत्त्वाचा अध्याय मराठी मुलांनी लिहिला आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी प्रश्नांची पहिली मालिका केली आणि १९०८ मध्ये ते प्रश्न वयोगटांप्रमाणे लावले. लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्यांचं अमेरिकन रूप केलं. ते रूप आपल्याकडे आणण्याचं काम धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी केलं. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या श्रेणीची त्यांनी केलेली आवृत्ती १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा ग्रंथ काढला. बिने-कामत चाचणी आजही देशातल्या अनेक रुग्णालयांत वापरली जाते. धारवाडच्या वर्गांत दोन भाषांतल्या मुलांसमोर बसून एकेक प्रश्न पारखणाऱ्या या माणसाला मराठी वाचकांनी जितकं ओळखायला हवं तितकं आपण ओळखत नाही, याची मला खंत वाटते.

कामतांच्या चाचणीची रीत इथे महत्त्वाची आहे. ती एकेका मुलाची, समोरासमोर, तोंडी घ्यायची. ज्या वयाचे सगळे प्रश्न मूल सोडवतं तिथे त्याचा पाया धरायचा, मग एकेक वयोगट वर चढायचं आणि जिथे एकही उत्तर येत नाही तिथे थांबायचं. पाचवीतल्या चुणचुणीत मुलाला तीन वर्षांच्या मुलाचे प्रश्न विचारून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही आणि बावीस वर्षांच्या तरुणाचे विचारूनही कळत नाही. कळतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे काही येतं आणि काही चुकतं. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये याच अनुभवाला सूत्र दिलं. उत्तर देणाऱ्याची कुवत आणि प्रश्नाची अवघडता त्यांनी एकाच पट्टीवर मांडली. कुवत आणि अवघडता समसमान असली, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. पुढच्या चाचण्यांत संगणक प्रत्येक उत्तरानंतर त्या निम्म्याच्या आसपासचा प्रश्न शोधून काढू लागले. बिने आणि कामत हेच हाताने करत होते.

दबागचियान यांचा निबंध मात्र दुसऱ्या घराण्यातला आहे. तो स्पिअरमन यांचा वारस. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या शाळकरी मुलांचे गुण तपासले. एका विषयात पुढे असलेली मुलं इतर विषयांतही पुढे असतात, हे त्यांना दिसलं. या सहसंबंधांच्या मागे एकच सामान्य बुद्धी असावी, असं त्यांनी मांडलं आणि ती शोधण्यासाठी जे गणित केलं त्यातून घटक विश्लेषण जन्माला आलं. अनेक चाचण्यांचे अनेक आकडे घ्यायचे, कोणते आकडे एकमेकांबरोबर वरखाली होतात ते पाहायचं आणि अशा प्रत्येक जुडग्यामागे एक न दिसणारं कारण आहे असं मानायचं. पुढे कोणी सांगितलं कारण एकच, कोणी सांगितलं सात, आणि गिल्फर्ड यांच्या प्रतिमानात तर शंभरहून अधिक कप्पे झाले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी याच गिल्फर्डची कास धरली आणि मराठी मुलांची बुद्धी एका आकड्यात कोंबायचं नाकारलं.

निबंधातले त्रेसष्ट रेडिओ पाच बाबतींत एकमेकांपासून निराळे आहेत: रिकामा पट्टा शोधायला शिकण्याची रीत, संवेदकांची संख्या, त्या संवेदकांची अचूकता, प्रक्रियेचा वेग आणि गणिताची गुंतागुंत. त्यांना निरनिराळ्या स्पेक्ट्रम-परिस्थितींत सोडलं. कामगिरीची निरनिराळी मापं घेतली. मग संशोधकांनी ती मापं, जणू गुणपत्रिकाच आहेत अशा भावाने, स्पिअरमनच्या गणितात घातली. पाच घटक निघाले. आणि शेवटी ते सांगतात, की हे घटक तपासलेल्या रेडिओंच्या मूळ स्वभावाशी नीट जुळतात, म्हणून पद्धत खरी ठरली.

वाचताना या ओळीवरून नजर सहज पुढे सरकते. मी मात्र तिथे थांबलो आणि अजून तिथेच आहे. मूल हुशार का आहे, हे आतून उघडून पाहता येत नाही. स्पिअरमनला त्याचा सामान्य घटक मिळाला. पण तो मुलांच्या डोक्यात खरोखर आहे की गणिताच्या तक्त्यात, हे सांगायला त्याच्याकडे साक्षीदार नव्हता. गॉडफ्री थॉमसन यांनी १९१६ मध्ये फासे टाकून खोटे गुण बनवले. त्या गुणांमागे कुठलीही एक सामान्य बुद्धी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच रचले होते. तरीही स्पिअरमनला दिसला होता तसाच सहसंबंधांचा उतरता जिना त्या गुणांत दिसला. तो प्रहार जबर होता आणि मला वाटतं त्यातून ही विद्या पूर्णपणे कधीच सावरली नाही. १९४७ च्या ग्रंथात एल. एल. थर्स्टन यांनी उलट बाजूने उत्तर दिलं. त्यांनी खोकी घेतली. लांबी, रुंदी, उंची यांची उलटसुलट गणितं करून खोक्यांच्या पुष्कळ 'चाचण्या' तयार केल्या आणि त्या घटक विश्लेषणातून गाळल्या. घटक तीनच निघाले, आणि तेही लांबी, रुंदी, उंचीच. पण खोकं काहीच करत नाही. ते शिकत नाही, चुकत नाही, चुकीनंतर बदलत नाही. खोक्यावर खरं ठरलेलं गणित मुलावर खरं ठरेल, ही हमी थर्स्टनना देता आली नाही.

त्रेसष्ट रेडिओ या दोहोंच्या मधे उभे आहेत. ते खोक्यांसारखे पूर्ण माहितीचे आहेत. प्रत्येकात किती संवेदक बसवले, वेग किती दिला, शिकण्याची कोणती रीत भरली, हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे. आणि ते मुलांसारखे जिवंत वागतात: परिस्थिती पाहतात, पारखतात, अनुभवाने सुधारतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुलांसाठी रचलेल्या मापन-पद्धतीला पहिल्यांदाच असा विद्यार्थी मिळाला, ज्याचं डोकं परीक्षेनंतर उघडून उत्तर पडताळता येतं. वर्गात त्रेसष्ट रेडिओ बसले होते हे खरं. पण परीक्षा चालली होती स्पिअरमनच्या पद्धतीची. निबंधकारांनी हे पडताळणीच्या एका वाक्यात उरकलं. ते रेडिओच्या जगातले आहेत, त्यांना रेडिओ महत्त्वाचा. मला वाटतं, मानसशास्त्राच्या वर्गात हा निबंध सक्तीचा असावा.

निबंधाची एक मर्यादा याच पद्धतीच्या पोटातून येते. घटक विश्लेषणाला फक्त फरक दिसतो. वर्गातली सगळी मुलं एकाच उंचीची असतील, तर उंची हा घटक कधीच निघणार नाही, कारण तिच्यामुळे कोणाचेही गुण वरखाली होणार नाहीत. रेडिओंचंही तसंच. जे पाच बाबतींत निराळे केले गेले, त्यांच्यातून त्या निराळेपणाचीच छाया निघणार. पाच हा आकडा रेडिओच्या बुद्धीचा तळ सांगत नाही. या त्रेसष्टांत जेवढं वैविध्य पेरलं होतं, त्याचं पीक सांगतो.

आणि परिस्थितीचं काय? टर्मनच्या चाचणीत अमेरिकन नाणी ओळखायला सांगत. निकेल आणि डाइम न ओळखणारं धारवाडचं मूल मंद नसतं. त्याने ती नाणी पाहिलेली नसतात. कामतांनी नवी आवृत्ती केली ती यासाठीच. रेडिओच्या परीक्षेलाही तिचे कामत लागतील. आयआयटी मुंबईतल्या गौरांग नाईक, सुदेश सिंघल, अनिमेष कुमार आणि अभय करंदीकर यांनी २०१४ मध्ये उत्तर विभाग वगळता भारतातल्या दूरदर्शनच्या पट्ट्याची मोजणी केली. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये आठ-आठ मेगाहर्ट्झचे पंधरा चॅनेल. सावध अंदाज धरूनही मोजलेल्या निम्म्याहून अधिक भूभागावर हे पंधराच्या पंधरा रिकामे निघाले. अमेरिकेत किंवा युरोपात असं चित्र नव्हतं. करंदीकरांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरातल्या गावांत याच रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवून दाखवलं आणि त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाचं २०१७ मध्ये जगभर कौतुक झालं.

आता या आकड्यांकडे परीक्षकाच्या नजरेने पाहा. हा चॅनेल रिकामा आहे का, हा प्रश्न खामलोलीत किंवा बस्तरच्या जंगलात विचारला, तर न ऐकता 'हो' म्हणणारा रेडिओही शंभरपैकी शंभर मिळवेल. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच येतं तो प्रश्न शहाणा आणि वेडा यांत भेद करत नाही. कामतांनी तो धारवाडमध्येच काढून टाकला असता. तोच प्रश्न समता कॉलोनीच्या एखाद्या गच्चीवर, संध्याकाळी, वायफायच्या पट्ट्यात विचारला, तर चांगल्या रेडिओचाही घाम निघेल. जंगलात रेडिओची बुद्धी पारखायची, तर प्रश्न बदलावा लागेल: एवढ्या मोकळ्या जागेत सर्वांत दूरच्या गावापर्यंत कमीत कमी विजेत कसा पोचशील? दोन ठिकाणी दोन वेगळ्या बुद्धी लागतात आणि राशची पट्टी एकच हवी असेल, तर दोन्हीकडचे प्रश्न आधी एकमेकांशी बांधून घ्यावे लागतील. भारतीय अभियंत्यांसाठी मला हे फार मोलाचं काम वाटतं. रायपूरची एनआयटी समता कॉलोनीपासून फार लांब नाही; गजबजलेली कॉलोनी आणि विरळ वस्तीचं जंगल ही दोन टोकं दिवसभराच्या अंतरात मिळतील अशी प्रयोगशाळा छत्तीसगडइतकी दुसरीकडे क्वचितच असेल.

मानसशास्त्राकडून रेडिओने हे सारं उसनं घेतलं, असं म्हणताना एक जुनं देणं विसरू नये. महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ठरवावं लागायचं, की हा ठिपका विमानाचा आहे की गोंगाटाचा. त्यातून ग्राहकयंत्राची पारख करणारी आलेखरीत तयार झाली. मिशिगनमध्ये टॅनर आणि स्वेट्स यांनी १९५४ मध्ये ती मानसशास्त्रात आणली. १९६६ च्या ग्रीन-स्वेट्स ग्रंथाने ती पक्की केली. तिची खुबी अशी, की ऐकण्याची तीक्ष्णता आणि 'हो' म्हणण्याची घाई या दोन गोष्टी ती वेगळ्या मोजते. दोन माणसांचे कान सारखेच तयार असतील, पण एक जण जरा चाहूल लागली की ओरडतो आणि दुसरा खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. गुणपत्रिकेत ते वेगळे दिसतात. कान मात्र सारखेच.

रेडिओच्या परीक्षेत हा भेद जीव की प्राण आहे. दूरदर्शनच्या रिकाम्या पट्ट्यासाठी २०११ मध्ये जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्यात हक्कदार आलेला दोन सेकंदांत ओळखला पाहिजे, तोही शंभरात नव्वद वेळा, आणि नसताना आल्याचा भास शंभरात दहा वेळांपेक्षा जास्त होता कामा नये, अशी अट होती. ही अट एकाच वेळी कान आणि स्वभाव दोन्ही ठरवते. भित्रा रेडिओ कधीच कोणाला त्रास देणार नाही, पण रिकामी जागा वाया घालवेल. धीट रेडिओ जागा पुरेपूर वापरेल आणि कधीतरी नाटक ऐन रंगात असताना नटाच्या माइकवर चढेल. त्यांच्यात हुशार कोण, हा प्रश्नच अपुरा आहे. कानाची पातळी एक आकडा, सावधपणा दुसरा. दुसऱ्याची योग्य किंमत आकाश ठरवत नाही. हक्कदाराला त्रास झाला तर नुकसान किती, हे ठरवतं. ते नुकसान माणसांचं असतं, म्हणून ती किंमत माणसांनीच ठरवावी.

आणखी एक शोध इथे आठवतो. राहुल टंड्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखवलं, की आपल्या आजूबाजूचा गोंगाट नेमका किती, याबद्दल रेडिओला थोडी जरी अनिश्चितता असेल, तर एका मर्यादेखालचा क्षीण संदेश त्याला कितीही वेळ ऐकून ओळखता येत नाही. तिथे भिंत लागते. मानसशास्त्रात वेगाच्या चाचण्या आणि कुवतीच्या चाचण्या वेगळ्या धरतात. काही प्रश्न वेळ वाढवून दिला, की सुटतात. काही कितीही वेळ दिला तरी सुटत नाहीत. टंड्रा आणि सहाय यांनी रेडिओसाठी ही सीमारेषा सूत्रात मांडली. त्यातली गोम अशी, की भिंत उभी राहते ती स्वतःच्या भोवतालाबद्दलच्या अज्ञानामुळे. आपण फिरून मिटोलांच्या फोनपाशी आलो.

अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २०१६ ते २०१९ या काळात रेडिओंची एक स्पर्धा घेतली होती. एकट्या रेडिओऐवजी गर्दीतल्या रेडिओंची ती परीक्षा होती. अनोळखी संघांचे रेडिओ एका मोठ्या आभासी आकाशात एकत्र सोडले. गुण देण्याची रीत अशी, की सर्वांचं किमान काम होईपर्यंत कोणालाही एकट्याने पुढे धावता येऊ नये. फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ जिंकला, वीस लाख डॉलर मिळाले. त्रेसष्ट रेडिओंच्या निबंधात रेडिओ एकेकटे मोजले गेले. इथे दुसऱ्याचं भान हीच बुद्धी ठरली. माणसांच्या चाचण्याही या वळणावर बऱ्याच उशिरा पोचल्या, म्हणून निबंधकारांना त्यासाठी दोष द्यावासा वाटत नाही.

एक उणीव मात्र मला भरून काढता येईल अशी दिसते. निबंधातल्या रेडिओंना ज्या पाच बाबतींत निराळं केलं, त्यांत स्वतःच्या खात्रीबद्दलचं ज्ञान नाही. पट्टा रिकामा आहे म्हणणारा रेडिओ किती भरवशाने तसं म्हणतो, तो भरवसा खरा ठरतो का, आणि टंड्रा-सहाय यांच्या भिंतीशी पोचल्यावर तो 'मला सांगता येत नाही' असं सांगू शकतो का, हे त्यांच्यात वेगवेगळं ठेवलं नव्हतं. म्हणून ते घटकांत उमटणं शक्य नव्हतं. तोंडी परीक्षेत चांगला परीक्षक मुलाच्या 'माहीत नाही'ची नोंद चुकीच्या उत्तरापेक्षा वेगळी करतो, कारण त्यातून मुलाच्या विचाराची हद्द दिसते. रेडिओसाठी अशी गुणपद्धत करणं अवघड नाही. प्रत्येक उत्तराबरोबर खात्रीचा आकडा मागायचा आणि सत्तर टक्के खात्रीने दिलेल्या शंभर उत्तरांपैकी साधारण सत्तर खरी ठरतात का, ते मोजायचं. काही रेडिओंना ही क्षमता द्यायची, काहींना कमी, काहींना अजिबात नाही. दबागचियान यांच्या त्रेसष्टांच्या तक्त्यात असे नवे विद्यार्थी बसवले, तर घटक पाचच राहतात की सहावा वेगळा निघतो, हे त्यांच्याच गणिताने तपासता येईल. आणि निघाला, तर तो खरोखर आत आहे की नाही, हे रेडिओ उघडून बघताही येईल.